मुशीच्या तळाशी

चांगचुन, ६ नोव्हेंबर १९८३

ती. बाबांना सुयुनचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि सुकं मटण पोचलं. खोलीतल्या मुलींनी मटण एका बैठकीत फस्त केलं, माझ्या वाट्याला हाडं. आईला सांगा, कोबी खारवून माठ भरलाय, हिवाळ्याची काळजी नको.

माझं रडगाणं वेगळंच आहे. मॅग्नेशियमच्या कांड्या भट्टीत टांगायच्या, खाली वजन लावायचं आणि महिनाभर बघत बसायचं, हे माझं काम. साधी कांडी उष्णतेत केसाकेसानं लांबत जाते, कारण आतले कण एकमेकांवरून सरकतात. त्यात दुर्मिळ माती घातली (म्हणायला माती, असतो धातूच) की ती कणांच्या कडांना जाऊन बसते आणि विटांमधल्या सिमेंटासारखी त्यांना धरून ठेवते. मी तीन मुशी ओतल्या. दोन कांड्या ढिम्म हलल्या नाहीत, तिसरी मात्र लांबतच चाललीय. तपासलं तर तिच्यात माती निम्मीसुद्धा नाही. बाबा, मी स्वतः तोलून घातली होती हो! सर सगळ्यांसमोर म्हणाले, की मेंगबाईंना, म्हणजे मला, भूक लागली असेल, मातीच खाल्ली. हसू आलं आणि रडूही. तुमची हयात फाउंड्रीत गेली. तुमच्याकडे असं कधी झालं होतं का?

गुडघे शेकत जा. लोभ आहेच, तो थंडीनं आखडू देऊ नका.

तुमची सुयुन


बाओतोउ, २० नोव्हेंबर १९८३

चि. सुयुनला अ. उ. आ.

हाडं चघळलीस ते बरंच झालं, दात घट्ट राहतील. पण तुझ्या सरांची थट्टा वाचली आणि हातातला चहा तसाच राहिला.

झालं होतं, पोरी. १९७० च्या वसंतात. तू नऊ वर्षांची, न्यूमोनियानं पडली होतीस. माझा लोकरी कोट विकून तुझी इंजेक्शनं आणली, हे बाहेर कोणाला कळू दिलं नाही. त्याच महिन्यात आम्ही ओतलेली इंजिनाची झाकणं तापून ताणली गेली आणि बोल्ट ढिले पडले. तपासलं तर माती निम्मी. मातीच्या कपाटाची किल्ली हाओकाकाकडे. आम्ही दोघं एकाच उस्तादाचे चेले. तो माती घालायचा, मी वरून मिठाची भुकटी मारायचो, मूस पेटू नये म्हणून. माझ्या हाताखाली मुशीनं एकदाही पेट घेतला नाही, हे आजही छातीठोकपणे सांगेन.

त्या मातीच्या तुकड्यांचे लायटरचे खडे होतात, बाजारात हातोहात खपतात. कारखान्याच्या चौकशी-सभेत मला विचारलं. मी उभं राहून सांगितलं, की हाओच्या लायटरमध्ये नवा खडा पाहिला. ते खरं होतं. तसे खडे आम्हा सगळ्यांकडेच होते, ते मात्र मी बोललो नाही. हाओनं तोंड उघडलं नाही आणि माझी खात्रीच पटली. अकरा वर्षं चुन्याच्या खाणीत काढली त्यानं. आता गुयांगला बटाटे लावतो. दोन तासांची बस, पण मी कधी गेलो नाही. चोराच्या दारात कशाला जायचं, असं मनाला सांगत राहिलो.

पण तू तर चोर नाहीस. मग माती गेली कुठे? शोधून काढ. तोवर दुसरं काही लिहू नकोस. आशीर्वाद आहेतच.

तुझा बाप


चांगचुन, २ जानेवारी १९८४

ती. बाबांना सा. न.

सापडली. मुशीच्या तळाशी, गाळात.

तिसरी मूस धुमसायला लागली तेव्हा मी घाबरून भसाभसा भुकटी मारली. लहानपणी पोळपाटावर पीठ घेऊन तुम्हीच शिकवलं होतंत, की हात आखडायचा नाही. त्या भुकटीतलं मीठच मातीला धरतं आणि तिला घेऊन खाली बसतं. खात्री करायला पुन्हा तीन मुशी ओतल्या, पुन्हा तेच. सूक्ष्मदर्शकाखाली चांगल्या कांडीत कणांच्या कडांवर मातीची जाळी दिसते. वाईट कांडीत कडा उघड्याबोडक्या.

म्हणजे कोणी चोरली नव्हती, बाबा. चार दिवस हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. भुकटी तुमच्या हातची होती, हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू? तेव्हा आपल्याकडे कोणालाच ठाऊक नव्हतं, तो दोष तुमचा नाही. पण खड्याचं बोलणं तुमचं होतं. हाओकाकांकडे जा. दोन कांड्या पाठवतेय, एक धड, एक ताणलेली. शेजारी धरल्या की फरक कळतो.

रागावलात तरी चालेल, लोभ सोडू नका.

सुयुन


बाओतोउ, ९ फेब्रुवारी १९८४

चि. सुयुनला आ.

चांद्र नव्या वर्षाच्या पाचव्या दिवशी गेलो. हाओकाकूनं खालून तापवलेल्या विटांच्या कट्ट्यावर सरकून मला जागा केली. हाओ खोकत होता. चुना छातीत बसलाय. मी तुझं पत्र वाचून दाखवलं, कांड्या हातात दिल्या. तो कितीतरी वेळ त्या चाचपत राहिला. मग त्यानं विचारलं, म्हणजे माती तू घेतली नव्हतीस का?

मला काही कळेना. मग तो सांगायला लागला. तुझी इंजेक्शनं कुठून आली, याचा त्यानं तेव्हा तर्क केला होता. त्याला वाटलं, त्याची किल्ली उचलून मीच खडे विकले. पोर वाचतेय तर वाचू दे, म्हणून तो सभेत गप्प बसला. मी त्याच्याकडे बोट दाखवलं तेव्हाही त्याला वाटलं, बाप आहे बिचारा, भ्यालाय.

मी कोटाचं सांगितलं. तो आधी हसला, मग खोकला, मग लहान पोरासारखा रडला. म्हणाला, खाणीत अकरा वर्षं त्याच्याजवळ एवढंच होतं, की त्याच्यामुळे एक पोर जगली. तेही मी आज त्याच्याकडून काढून घेतलं.

मी त्याच्यापुढे गुडघे टेकले. त्यानं उठवलं नाही, हाकललंही नाही. निघताना मागून हाक मारली आणि विचारलं, पोर आता केवढी झाली. मी माझ्या कानाशी हात धरून दाखवला. तो त्या हाताकडे बघतच राहिला, आणि मला हात खाली घेववेना.

सुट्टीत येशील तेव्हा आधी गुयांगला जा. त्याला दिस. मग माझ्याकडे ये. लोभ असू दे म्हणायचं तोंड मला राहिलं नाही, ते तू ठरव.

मेंग गुओलिन