रिकाम्या ओळी

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोचलो. सामान टाकलं, खोली पाहिली आणि बऱ्याच वर्षांनी स्वतःवर खूश झालो. नोकरी तिसऱ्या मजल्यावर, राहायची खोलीही तिसऱ्याच मजल्यावर, मध्ये बारा पावलांची गॅलरी. कामावर जाण्यायेण्यात रोज दोन तास घालवणाऱ्या यच्चयावत माणसांपेक्षा मी आजपासून शहाणा.

मालक निवृत्त दंतवैद्य. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. आयुष्यभर लोकांचे दात उपटले आणि आता जुन्या व्हिडिओ गेमचं संग्रहालय काढलंय. गेमची कॅसेट हातात घेतली की आधी तिचे पितळी दात निरखतात, कापसाचा बोळा फिरवतात आणि माझ्याकडे असं बघतात की जणू चूळ मलाच भरायची आहे. गेममधलं ज्ञान शून्य. पण माणूस मध्ये मध्ये करत नाही, हे फार झालं.

झाडलोट आणि चहा एक मावशी बघतात. जिना चौपन्न पायऱ्यांचा आहे. मावशी तो दिवसातून चारदा चढतात आणि चारही वेळा वर आल्यावर पायऱ्या किती ते सांगतात.

संध्याकाळी ताईचा फोन. जेवलास का, उशी बरी आहे का, गॅलरीतून काय दिसतं. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं हे कबूल, पण मी आता चौतीस वर्षांचा आहे हे तिला कुणीतरी कळवायला हवं. एकवीस मिनिटं बोलली. त्यात कामाचं वाक्य एकही नव्हतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

माझं काम काय, हे डॉक्टरांनी आज तिसऱ्यांदा विचारलं. माझ्याच हाताखाली माझाच मालक नापास. पुन्हा सांगितलं: गेममध्ये एका सेकंदात साठ चित्रं येतात. सामान्य माणूस गेम पळता ठेवून खेळतो आणि तोंडावर आपटतो. आम्ही गेम गोठवतो. एकेक चित्र पुढे सरकवतो आणि त्या एका चित्राला कोणतं बटण दाबायचं ते ठरवतो. चुकलं की मागे जाऊन पुन्हा. असं हजारो वेळा केलं की बटणांची एक फाईल तयार होते, आणि ती यंत्राला लावली की गेम माणसाला शक्य नाही इतक्या लवकर संपतो. ही लबाडी नव्हे का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही दात बघायला आरसा वापरत होता ती लबाडी होती का? पुन्हा कॅसेट पुसायला लागले.

संग्रहात अशा दोनशे बारा फाइली आहेत. प्रत्येक खऱ्या जुन्या मशीनवर लावून शेवटपर्यंत नीट चालते का, ते पाहायचं. माझ्या आधीच्या गड्याने यात दीड वर्ष काढलं आणि एक दिवस काम अर्धवट टाकून गेला. कुठे गेला, मावशी सांगत नाहीत. त्याच्या नोंदी वाचल्या. अक्षर सुंदर, अक्कल बेताची.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

एक फाईल कुठल्याच गेमला लागत नाही. चोवीस गेमना लावून पाहिली, चोवीसही नायक भिंतीवर डोकं आपटत राहिले. नाव फक्त ‘तिसरा मजला’. उघडली तर नेहमीसारखा तक्ता: एक ओळ म्हणजे एक चित्र, प्रत्येक बटणाला एक रकाना, शेवटी शेऱ्याचा रकाना. ओळींचा आकडा अकरा अंकी! फाईल बिघडलेली असणार.

त्यातल्या बहुतेक ओळी रिकाम्या आहेत, म्हणजे बटणच दाबलेलं नाही. आमच्या धंद्यात रिकामी ओळ म्हणजे फुकट गेलेला वेळ. आणि पहिल्या ओळीत त्या आधीच्या महाशयांचा शेरा: ‘रिकाम्या ओळींना हात लावू नये.’ नवशिक्यांचा पहिला धडा पुसून वर सल्ला दिलाय. शेवट तर विनोदीच. शेरा आहे, ‘जिना, चाळीस सेकंद, काढता येईल’. मग तीनदा उजवीकडे, एक उडी, आणि फाईल तिथेच सोडून दिलेली. पुढे काय झालं ते लिहायचाही कंटाळा.

सोमवार, १० फेब्रुवारी

फाईल कुठली ते उमगलं. बारा पावलं उजवीकडे: माझी खोली ते ऑफिस. मग शेरे: ‘दार’, ‘खुर्ची’, ‘मावशींचा चहा’. त्या पठ्ठ्याने इथलाच दिवस गेमसारखा मांडलाय! वेळ जात नसणार बिचाऱ्याचा. आणि मांडलाय तोही किती गचाळ. चहाला नऊ मिनिटं. खिडकीपाशी नुसतं उभं राहायला सतरा. फोनवर एकवीस मिनिटं, एकही बटण नाही.

मला असलं बघवत नाही. कुणी वाकडा खिळा बघून हातोडी घेतो, तसा मी बसलो. रिकाम्या ओळी एका फटक्यात सरसकट उडवल्या. अकरा अंकांचे आठ झाले. एवढी सफाई त्याला सात जन्मांत जमली नसती.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी कपडे घालूनच जागा झालो, बूटसुद्धा पायात. अंथरूण पसरलेलंच नव्हतं.

दुपारी गंमत झाली. मावशी चहा ठेवताना दिसल्या, आणि पुढच्या क्षणी कप रिकामा, जीभ पोळलेली, आणि मावशी पदराने डोळे पुसत हसत होत्या. म्हणाल्या, तुम्ही इतके गमतीशीर असाल असं वाटलं नव्हतं. मी काय बोललो? विचारायला गेलो असतो तर आणखी नऊ मिनिटं गेली असती.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

खरं सांगायचं तर मजा येतेय. दाढी, आंघोळ, डॉक्टरांचं दातपुराण: सगळ्याला कात्री. तीन दिवसांत एकोणीस फाइली तपासून झाल्या. ताईचा फोन वाजला आणि लगेच ठेवलेलाही होता. घड्याळ छत्तीस मिनिटं पुढे गेलेलं. कान गरम होता. फोन असेच यायला हवेत.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ताईचा पुन्हा फोन. हा मात्र पूर्ण ऐकू आला, कारण ती जेमतेम अर्धं मिनिट बोलली. म्हणाली, छोट्या, गुरुवारी मी तुला एवढं सांगितलं आणि तू फक्त बरं म्हणालास. आणखी काही आहे का, असं विचारलंस.

मी विचारलं, काय सांगितलंस? ती म्हणाली, ते दोनदा सांगायची माझ्यात ताकद नाही रे. तेवीसला, रविवारी चार वाजता येते. तोंडावर सांगते. सोमवारी मला दाखल व्हायचंय.

कुठे दाखल? कशासाठी? फोन बंद झाला होता. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मला तिचं सगळं ऐकायचं होतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

ओळी परत घालायला बसलो. जुनी प्रत नाही. असल्या कामात जुनी प्रत न ठेवणारा माणूस गाढव, हे मी इतरांना किती वेळा ऐकवलंय! हाताने रिकाम्या ओळी घातल्या, जतन केलं, उघडलं: नाहीत.

फाईलमध्ये किती वेळा फेरफार झाला याचा आकडा वर दिसतो. सकाळी तो आकडा नऊ होता. दुपारी चारशे बारा. कोण हात लावतंय, म्हणून मावशींवर ओरडलो. त्या म्हणाल्या, अहो, तुम्हीच तर बसला होता तिथे. तीन तास. हसत होता.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पळून जायचं ठरवलं. बॅग भरली, जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि खुर्चीत बसलेलो होतो. सहा वेळा. बॅग सहाव्यांदा भरलेलीच नव्हती. ताईला येऊ नकोस सांगायला फोन उचलतो, आणि तो ठेवलेला असतो. काय सांगतो मी तिला?

बुधवार, १९ फेब्रुवारी

मावशींना धरून बसवलं. त्या बोलत असताना टेबलाची कड घट्ट पकडून ठेवली, म्हणजे मी निसटणार नाही. आधीच्या गड्याचं विचारलं. डॉक्टरांनी सांगू नका म्हटलंय, असं म्हणत सांगितलं त्यांनी. त्यालाही शेवटी शेवटी भयंकर घाई. चहा उभ्याने. बोललेलं काही लक्षात नाही. एक दिवस खालून त्याच्या बायकोने हाक मारली. तो गॅलरीत आला, हसला, आणि जिना काही उतरला नाही.

गेममध्ये उंचावरून पडलं तरी काही होत नाही. म्हणून आम्ही जिने कधीच वापरत नाही. उडी स्वस्त पडते.

आणि मी लिहिलं होतं, पुढचं लिहायचा त्याला कंटाळा. मूर्ख मी. आमच्यात वेळ मोजतात तो शेवटचं बटण दाबेपर्यंत. पुढचं गेम आपोआप पार पाडतो. त्याने फाईल अर्धवट सोडली नव्हती. ती पूर्ण होती.

गुरुवार, २०

हिशेब केला. सेकंदाला साठ. आधी शेवटची ओळ छत्तीस वर्षांनी येत होती. आता येते रविवारी, तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी.

छत्तीस वर्षं. मी सत्तर वर्षांचा झालो असतो. रिकामी होती म्हणून उडवली —

शुक्रवार, २१

फेरफारांचा आकडा एकोणीस हजार. बोटांना घट्टे पडलेत. मी काय काय काढतोय? मावशी आज माझ्याकडे बघून रडल्या. कारण विचारलं. उत्तर दिलं असेल. मला नाही मिळालं.

शनिवार, २२

गॅलरीचं दार खिळे ठोकून बंद केलं. ऑफिसला कशाला जायचंय? खिळे अठरा, मोजले.

रविवार, २३. सकाळ

खिळे टेबलावर. अठरा. ओळीत मांडलेले. नखांतून रक्त.

३.४०

लिहितोय तोवर मी इथे आहे. असं वाटतं. शब्द शब्द लिहायचा. फोनवर एकवीस मिनिटं. उशी बरी आहे का. हो ताई, बरी आहे. गॅलरीतून एक भिंत दिसते, तारेवर कुणाची तरी चादर वाळत असते. तुला हे सांगायला हवं होतं —

३.५६

ताई लवकर आली. खालून हाक मारली. छोट्या! हातात पिशवी आहे, दुसऱ्या हाताने डोळ्यांवर सावली धरून वर बघतेय. किती वाळली आहे. मी गॅलरीत कधी आलो? वही कठड्यावर आहे.

थांब ताई. मी येतो. मला सगळं ऐकायचंय, कितीही वेळ लागू दे. जिन्यानेच येतो. चौपन्नच्या चौपन्न पायऱ्या, एकेक मोजून, इथे लिहून ठेवतो म्हणजे — चौपन्न पायऱ्या, चाळीस सेकंद, काढता ये