न वाचलेली ओळ

१८ एप्रिल, शनिवार रात्र

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर तू ‘चाललंय’ म्हणालीस, म्हणजे चालत नसणार. बिस्किटांच्या कारखान्यात आठ तास उभ्याने पाकिटं भरायची आणि वर तीन जिने चढून घरी जायचं, गुडघा तरी किती सोसणार? पट्टा घालत जा, असा बायकोचा निरोप आहे.

माझं दुकान आहे तिथेच आहे. शिलाई मशीन बिघडलं की लोकांना मी आठवतो, नीट चालू झालं की विसरतात. तक्रार नाही.

मंगळवारी तू विचारलंस, तुझ्या भाचीचा निकाल काय लागला. मी ‘बरा आहे’ म्हटलं आणि विषय बदलला. म्हणून हे पत्र.

दुसरीचं प्रगतिपुस्तक. भाषा चांगली, चित्रकला चांगली, गणितात ‘क’. तिने ते दुकानातच माझ्या हातात दिलं. समोर एक मशीन उघडं पडलेलं, हात तेलाचे. तुला माहीत आहे, दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मशीनला मी चिठ्ठी बांधतो: काय बिघडलंय, काय करायचंय. वीस वर्षांची सवय. प्रगतिपुस्तकात ‘पालकांचा अभिप्राय’ अशी चौकट होती, तिथे हातासरशी लिहून टाकलं: ‘वेग कमी. गणितात टाके सुटतात. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणे.’ खाली सही. बायकोने वाचून कपाळावर हात मारून घेतला. मला मात्र आपण मोठा विनोद केला असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी, म्हणून मुलगी दुकानात आली. बिघडलेली मशीनं डावीकडच्या बाकावर आणि तयार झालेली उजवीकडच्या, हे तिला पाठ आहे. ती डावीकडे गेली आणि दोन मशीनांच्या मधे जाऊन बसली. एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, “काय गं, इथे का बसलीस?”

“माझं अजून व्हायचंय,” ती म्हणाली. “पंधरा दिवस लागतील.”

रडत नव्हती. नंबर यायची वाट बघत होती, इतकंच. मी तिला उचलून उजवीकडच्या बाकावर ठेवलं, तर ती उतरून पुन्हा डावीकडे गेली. “चिठ्ठी आहे ना,” म्हणाली. मग थोड्या वेळाने: “बाबा, तू खालची ओळ वाचलीच नाहीस.”

खरंच वाचली नव्हती. ‘क’ दिसला आणि मी तिथेच थांबलो होतो. खाली तिच्या बाईंनी लिहिलं होतं: ‘वर्गात कोणी रडलं तर हिला सगळ्यांच्या आधी कळतं.’ मुलीला ती ओळ तोंडपाठ होती. मला फार लाज वाटली.

ताई, इकडचं तिकडचं पुरे झालं. आता खरं ते लिहितो.

तू सातवीत होतीस, मी चौथीत. बाबांना बारीक अक्षर दिसत नसे आणि चष्मा लावायचा नाही असा त्यांचा हट्ट. म्हणून घरात येईल तो कागद मी वाचायचा. आवाज खणखणीत, म्हणून सगळे मला रेडिओ म्हणायचे. तुझ्या निकालाच्या दिवशी काका-काकू आले होते. बाबांनी मला खुर्चीवर उभं केलं. गणितात अठरा, भूगोलात एकवीस, असे तुझे मार्क मी बातम्यांसारखे वाचले, मधे थांबून थांबून. आधी काका हसले, मग सगळेच. तू दाराशी उभी होतीस, वेणीचं टोक दातात धरून. मला मजा येत होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तुझ्या प्रगतिपुस्तकातही खाली एक ओळ होती. ती मी मनात वाचली. मोठ्याने वाचली असती तर सगळ्यांचं हसू थांबलं असतं, एवढं कळण्याइतका मी मोठा होतो. मी कागदाची घडी करून बाबांच्या हातात दिली आणि म्हटलं, “संपलं.”

बाबा म्हणाले, “पुरे झाली हिची शाळा.”

सुट्टीनंतर तू शाळेत गेली नाहीस. प्रगतिपुस्तक बाबांच्या पत्र्याच्या पेटीत गेलं. तुझ्या हातात ते कधी आलंच नाही.

बाबा गेल्यावर ती पेटी माझ्याकडे आली. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून तुझं प्रगतिपुस्तक माझ्या खणात आहे, सुयांच्या डब्याखाली. दर वेळी तुला फोन लावताना वाटतं, आज सांगायचंच. आणि मग मी गुडघ्याची चौकशी करतो.

ती ओळ ऐकून बाबांचं मन बदललं असतंच असं नाही. मी स्वतःची अशी समजूत पुष्कळ वेळा घालून पाहिली. पण बाबांनी ऐकलं नसतं तरी तू ऐकलं असतंस.

‘गणित कच्चे आहे. पण मागे राहिलेल्या मुलींना ही स्वतःहून वाचायला शिकवते. हिची शाळा सोडवू नये. ही चांगली शिक्षिका होईल.’

प्रगतिपुस्तक सोबत पाठवतो आहे. बाईंची सही फिकी झाली आहे, बाकी अक्षर नीट लागतं.

तुझ्या भाचीच्या प्रगतिपुस्तकातल्या माझ्या अभिप्रायावर मी कोरा कागद चिकटवला आणि लिहिलं: ‘खालची ओळ वाचली. आनंद झाला. गणित आम्ही दोघं मिळून करू.’ तिने ते दोनदा वाचलं आणि उजवीकडच्या बाकावर जाऊन बसली.

आज दुकान बंद केल्यावर मी तुझी ओळ उभा राहून मोठ्याने वाचली, तेव्हा वाचायला हवी होती तशी. ऐकायला मुलगी एकटीच होती. तिने विचारलं, “आत्याला ऐकू गेलं?”

मी म्हटलं, “अजून नाही.”

“मग तिला लिहून पाठव.”

उत्तर नाही दिलंस तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण ते खोटं झालं असतं.

तुझा धाकटा,
रेडिओ