कुसळपट्टीचा विळा

॥ श्री ॥
वाशीम, १० सप्टेंबर १९४७

चि. महादेवीस वीरभद्राचे अ. उ. आ.

काल सभेत उभा राहिलो. निजामाची सत्ता, रयतेची लूट, फ्रान्सच्या जनतेनं राजाचं काय केलं, सगळं कसं धडाडत होतं. तेवढ्यात मागून एक गडी ओरडला, ए कुसळपट्टी, बस आता. सभा हसली. आपल्या बोरीभोवतीच्या माळांवर कुसळी गवत माजतं, वाटसरूच्या धोतरात रुततं, म्हणून साऱ्या मुलखाला हे नाव! माणसांची ओळख गवतानं व्हावी? आपलं राज्य आलं की पहिला नांगर त्या माळात घालणार. अप्पांना तसं सांगून ठेव. त्यांचा खोकला कसा आहे? आणि तुझी भाकरी अजून एका बाजूनं करपते का? माया आहे तशी राहू दे.

तुझा अण्णा, वीरभद्र

॥ श्री ॥
बोरी, ३० ऑक्टोबर १९४७

ती. अण्णांस महादेवीचा शि. सा. न.

भाकरी करपते, पण खाणारे कुरकुरत नाहीत. नांगराचं अप्पांना सांगता आलं नाही. ते कोठडीत आहेत.

ओढ्यापलीकडं निजामाच्या स्वारांची छावणी पडली. याच घोड्यांवरून ते गावं लुटतात. भाद्रपदात जमादार हुकूम घेऊन आला, माळाचं सगळं गवत घोड्यांना द्या. अप्पा हात जोडून म्हणाले, देऊ की हुजूर, पण दसऱ्याआधी आमी विळा लावत न्हाई, देवी कोपती. कसली देवी अन् कसला कोप! कुसळ धरायच्या आत, नवरात्राआधीच आपण दरसाल कापतो, हे पोराटोरांनाही ठाऊक. ते शहरातले, मान डोलावून गेले.

दसरा झाला. कुसळं सुईसारखी टणक झाली. मग आम्ही मान मोडून कापलं आणि गाड्या भरभरून पोचवलं. घोडे तोंड लावतात अन् फुरफुरत मागं सरतात. मुक्या जनावरांचं वाईट वाटतं, पण उपाशी घोडे कुठल्या गावावर निघाले नाहीत. स्वारांच्या विजारींतही शिरलंय म्हणे. कुसळ एकदा शिरलं की पुढंच सरकतं, मागं फिरत नाही.

अप्पांना नेलं. जमादार म्हणतो, हिरवा चारा दाखव अन् बाप घेऊन जा. आधीच कापलेला मारवेलचा बिनकुसळी चारा आपल्या गोठ्यामागं दडवलेला आहे. गजाआडून अप्पा खोकत म्हणाले, पोरी, बैलांचं बैलांनाच घाल. तसंच घालते आहे. तुमचं मत विचारत नाही, कळवते आहे. लोभ असेल तेवढा यंदा अप्पांकडं वळवा.

महादेवी

॥ श्री ॥
वाशीम, १९ नोव्हेंबर १९४७

चि. महादेवीस अ. उ. आ.

अप्पा घरी आल्याचं बोरीहून आलेल्या लिंबाजीमामांनी सांगितलं, अन् मी भर चौकात रडलो. चाऱ्यावाचून छावणीच उठली, मग कैद्याला कोण पोसणार, म्हणून सोडून दिलं म्हणे. जाता जाता जमादारानं शिवी हासडली, साले कुसळपट्टीवाले! अप्पांनी वाकून शरणार्थ म्हणत नमस्कार केला, हे ऐकून हसूही आलं.

तुझं पत्र सभेत वाचलं. मागचा तो गडी पुन्हा उठून ओरडला, ए कुसळपट्टी! या वेळी बस म्हणाला नाही. पुन्हा वाच म्हणाला.

नांगराचं अप्पांना सांगू नकोस. माळ आहे तसा असू दे. पुढल्या सालीही देवी कोपायची असेल, तर कोपू दे. आईस नमस्कार, आणि माझ्यावर रागावून का होईना, लिहीत राहा.

तुझा अण्णा,
वीरभद्र कुसळपट्टीकर