माझ्या नावाची गोड बाई

३ मार्च

मी तुझी माफी मागितलेली नाही. मागणारही नाही. अकरा वर्षं अबोला धरला तो काय फुलाफुलांची चित्रं पाठवून तुला ‘माझी सोनुली बहीण’ म्हणायला? आणि तू ते वाचून रडलीस म्हणे! जन्मभर मला ओळखतेस, तरी संशय आला नाही?

चि. धाकटीस, आता आशीर्वाद.

तुझ्या सुनेनं माझ्या नातीला फोन करून ‘आजी किती बदलल्या!’ म्हटलं, तेव्हा भानगड उघडी पडली. नात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असते. तिनं शोधून काढलं, की कुण्या भामट्यानं माझा फोटो उचलून माझ्या नावाचं खोटं खातं उघडलंय. फोटोही कुठला, तर नवे दात बसवले त्या दिवशीचा. म्हणून एवढी हसरी दिसतेय.

विम्यात वारस म्हणून तुझं नाव घालायचंय, असं सांगून तो तुझ्या ओळखपत्राचा फोटो मागतोय. अगं, त्यापेक्षा मी मांजराचं नाव घालीन. कार्डाचा फोटो आणि फोनवर येणारा ओटीपी त्याच्या हाती गेला, की तुझ्या नावानं तो सिमकार्ड घेईल, आणखी दहा जणांना फसवील आणि पोलीस मात्र तुझ्या दारात येतील. काही म्हणजे काही पाठवू नकोस. पासवर्डही बदल. कापड कापायच्या टेबलावर खडूनं लिहून ठेवलायस, तो तुझ्या गिऱ्हाइकांच्या पोरांनाही पाठ आहे.

माझा नंबर तू ब्लॉक केलायस, म्हणून पार्सलवाल्याच्या हाती पत्र देतेय. बाकी राग आहे तिथंच आहे.

तुझी ताई

५ मार्च

ती. ताईस (किंवा जी कोणी असशील तिला), सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पण ताई कोणती, हेच कळेना. फोनवरचीला विचारलं, तर ती म्हणाली, सावध राहा, माझ्या नावानं कागदी पत्रं लिहिणारी एक बाई सुटलीय. अक्षर तुझंच वाटतं. पण कोंबडीनं शाईत पाय बुडवून चालावं तसलं अक्षर कुणालाही जमेल. शिवाय ती रोज माझी चौकशी करते. तू कधी केलीस?

म्हणून दोघींना एकच प्रश्न घातलाय. बँडमास्तरांच्या लाल कोटावर गरम इस्त्री कोण विसरलं? ज्या कोटापायी आपलं दोघींचं शिवणाचं दुकान मोडलं आणि ते बिचारे पाठीवर इस्त्रीएवढं भोक घेऊन मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं चालले, तोच कोट. फोनवरचीनं तेव्हाच लिहिलं, ‘मीच गं राणी, माफ कर.’ आता तुझं येऊ दे. रविवारी कार्डाचा फोटो पाठवायचं मी तिला कबूल केलंय.

खरी असलीस तर तुझीच,
धाकटी

७ मार्च

काय कात्रीत धरलंस गं मला! अकरा वर्षं ‘तूच विसरलीस’ म्हणत आले. आजही तेच म्हटलं, तर तू कार्ड पाठवून मोकळी होणार. खरं बोलले, तर माझी अकरा वर्षं पाण्यात. नात म्हणते, आजी, लवकर ठरव, पार्सलवाला दारात उभा आहे.

चि. धाकटीस, आशीर्वाद. ऐक मग. इस्त्री मीच विसरले. पण का? तर मागच्या दारात दोरेवाल्याशी तुझं भांडण जुंपलं होतं, ते ऐकायला मी उठले. इतकं रंगलं होतं, की जळका वास आला तेव्हा मला वाटलं दोरेवालाच पेटलाय. भांडण तुझं, इस्त्री माझी, तेव्हा भोक दोघींचं. आता त्या गोड बाईला विचार, इस्त्री सोडून कुठं गेली होतीस म्हणून.

आणि ही माफी नव्हे.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ओळखलं! कबुली काय, कुणीही देईल. कबुली देता देता अर्धं पाप माझ्या गळ्यात बांधणारी जगात एकच. तिलाही विचारलं. ती म्हणाली, ‘देवापाशी तुझ्यासाठी प्रार्थना करत होते.’ तिथंच तिचं पितळ उघडं पडलं.

कार्ड पाठवलं नाही. सुनेनं त्या खात्याची तक्रार केली, ते बंद झालं. पासवर्ड बदलला, या वेळी कुठंच लिहिला नाही, त्यामुळं मलाही आठवत नाही. तुझा नंबर मोकळा केलाय.

पण खरं सांगू? सकाळी कुणीतरी ‘उठलीस का’ म्हणून विचारायचं. आता सुनंसुनं वाटतं. रागावू नकोस.

तुझी,
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस, आशीर्वाद.

चोराची आठवण काढणारी तू पहिलीच. रोज सकाळी सातला मी फोन करून ‘उठलीस का’ विचारीन. त्याहून जास्त काही मिळणार नाही. माझ्या नावानं कुणी काहीही मागितलं, तर मला विचारल्याशिवाय बोटसुद्धा हलवायचं नाही. फोन तूच उचलायचा, सुनेनं नाही. आणि गोड बोलू नकोस, चोर समजून फोन ठेवून देईन.

ताई