सुरूच न झालेलं गाणं

ती. बाबा,
इतक्या लांबून पाया पडतो.

मी बरा आहे. खोकला गेल्यात जमा, आईला सांगा. नवीन यंत्र लावूनही तुम्हाला काहीच ऐकू येत नाही का?

इथे लाँड्रीत आम्ही हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करत असताना आमचा मुकादम मोबाइलवर शास्त्रीय गाणं लावतो. परवा बराच वेळ नुसतं आ-आ चाललं होतं. मी म्हटलं, "सुरू झालं की सांगा." तो म्हणाला, "अरे, हेच गाणं."

घरी तुम्ही डोळे मिटून ऐकत असायचात आणि अजून काही सुरूच झालं नाही म्हणून मी रेडिओ बंद करायचो. तुम्ही कधीच रागावला नाहीत.

आता मी रोज ऐकतो. तुम्हाला फोनवर ऐकवता येत नाही, म्हणून लिहायला बसलो, तर आ-आच्या पुढे काही लिहिताच येत नाही.

तुमचा,
धाकटा