चालणाऱ्यासाठी थांबलेली जीप

मोखाडा, मंगळवार, १४ डिसेंबर १९९९

डॉक्टर म्हणाले होते, शाळेचा ताण अंगावर निघतोय. मीठ कमी करा, नाचणीची भाकरी खा, रोज सकाळी तासभर चाला. भाकरी जमली. चालणं आजही फसलं. पोशेऱ्याच्या रस्त्याला लागलो की ओळखीचा जीपवाला थांबतो. "बसा गुरुजी, पायी कशाला?" नुसतंच चालायला निघालोय, हे सांगायची लाज वाटते. मग बसतो.

आज पुढच्याच चढावर चौथीतल्या सोनीची आई दिसली, डोक्यावर लाकडाची मोळी. जीप हळूसुद्धा झाली नाही. तिनेच बाजूला होऊन वाट दिली.

दिवसभर त्या जीपवाल्यावर चिडतोय. पण "थांबव" असं मी तरी कुठे म्हटलं?