चिकूच्या फिटच्या गोळ्या

उन्नती बाळा,

आत्ताच चिकूला पुन्हा फिट आली. त्याच्या गोळ्या संपल्यात आणि मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देत नाही. नियमच तसा आहे. डॉक्टर त्याला तपासल्याशिवाय नवी चिठ्ठी देत नाहीत, म्हणून रिक्षाने गोखिवऱ्याच्या दवाखान्यात नेतोय. दवाखान्यातल्या गोळ्या महाग पडतात, मी बाहेरून घेईन. खर्चाचं बाबांशी मीच बोलेन. शिकवणीची मुलं आली तर त्यांना पाढे म्हणायला बसव.

आजीच्या डब्यातली फिटची एक गोळी कमी आहे. तू चिकूला दिलीस का? कळवळून दिली असशील, मी रागावणार नाही. पण माणसाची गोळी कुत्र्याला झेपेलच असं नाही, आणि डॉक्टर आधी तेच विचारतील. आल्याबरोबर मला फोन कर आणि खरं तेच सांग.

आजोबा